विन्नित्साच्या विहीणबाई

॥ श्रीराम ॥
मखमलाबाद नाका, पंचवटी, नाशिक
१६ सप्टेंबर २००२

चि. लता हिस चंद्राअक्काचे आशीर्वाद.

शनिवारी सुनेच्या माहेरून पार्सल आलं. आतला माल असा: मधाची बरणी एक, झाकणाशी तडकलेली, पाव भाग मध पुठ्ठ्याने पिऊन टाकलेला. खसखस, अदमासे पावशेर, कापडी पिशवीत. लाल-काळ्या दोऱ्याने भरलेला लांब टॉवेल एक. चिठ्ठी, दोन पानं, पाठपोट. जकातीचे एकशे चाळीस आणि पोस्टमनच्या चहाचे पाच. वहीत ते कोणत्या सदरात लिहावेत कळेना. आधी ‘पाहुणे’ लिहिलं, मग खोडलं.

चिठ्ठी सोबत पाठवते, झेरॉक्स ठेवून घेतली आहे. अक्षर रशियन आहे. आमच्या घरात ते वाचणारा एकच होता.

तुला कार्डावर सोमनाथ गेला एवढंच कळवलं होतं. आता सगळं लिहिते, कारण तू दिल्लीत पोरांना रशियन शिकवण्यात जन्म घालवलास आणि हे वाचून देणारं माझं दुसरं कोणी नाही.

सोमनाथ युक्रेनात विन्नित्साला इंजिनियर व्हायला गेला आणि येताना बायको घेऊन आला. इथे विधीने लग्न लावलं. तांदळात नाव लिहून आम्ही तिचं वेदिका ठेवलं. पोर कामाला चांगली होती. मीठ घालू का, दूध उतू गेलं, देवाला फुलं काढली, एवढं मराठी शिकली. त्यापलीकडचं बोलणं सोमनाथ इकडचं तिकडे करायचा. मागच्या नोव्हेंबरात तो कझाकस्तानात तेलाच्या विहिरींवर नोकरीला गेला. जानेवारीत बर्फाने फोन बंद पडले. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

सहा जानेवारीला ही दिवसभर उपाशी. गहू, मध, खसखस मागून घेतली. आमचा सण, म्हणाली. अंडं नाही, मांस नाही, मला बरंच वाटलं. संध्याकाळी चांदणी दिसल्यावर पानं मांडली. हे, मी, ती. आणि सोमनाथच्या पाटापुढे चौथं. त्यात तिने वाढलंसुद्धा. लते, रिकाम्या पाटापुढे पान कोणासाठी वाढतात ते मी तुला सांगायला हवं का? मी ते पान उचललं आणि गाईला घातलं. ती तिच्या भाषेत काहीबाही बोलत राहिली. फेब्रुवारीत बर्फात त्याची गाडी उलटली.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. ऊन वर आलं तरी शिवेना. गुरुजी म्हणाले, त्याचं काही राहिलंय, बोला. यांनी हात जोडले, “तुझ्या बायकोला आणि होणाऱ्या लेकराला आम्ही अंतर देणार नाही.” कावळा लगेच आला. आणि तेराव्याला भरल्या पंक्तीत मी म्हणाले, हिनेच त्याचं जिवंतपणी पान वाढलं.

मार्चमध्ये ती आईकडे गेली. पाचवा महिना होता. गल्लीत सांगितलं, पहिलं बाळंतपण, माहेरी गेली. चिमणाबाई ओट्यावरून रोज विचारते, “काय वो काकू, लय लांबचं माहेर, सून इमानातच बाळंत झाली का काय?”

दोनदा बूथवरून फोन लावला. तिची आई उचलते. मी वेदिका, वेदिका म्हणते, ती काहीतरी म्हणते आणि ठेवून देते. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मळ्यात शेवंतीला पाणी धरायला जातात ते जेवायलाच येतात.

चिठ्ठीत काय आहे ते लिही. बाळ झालं का? नीट आहे का? वाईट असेल तर तेही लिही.

तुझी
चंद्राअक्का

*

नवी दिल्ली
३० सप्टेंबर २००२

ती. अक्कास लताचा नमस्कार.

आधी बातमी. तुला नात झाली. ९ ऑगस्टला. दोघी सुखरूप आहेत. नाव सोलोमिया. तिकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची रीत आहे, आपल्यासारखीच. कागदावर ती सोलोमिया सोम्नाथिवना आहे, म्हणजे सोमनाथची सोलोमिया. इथवर वाचून देवापाशी साखर ठेव, मग पुढे वाच.

चिठ्ठी रशियनमध्ये नाही, युक्रेनीमध्ये आहे. मला रशियन येतं, सोफियाला वर्षभर होते म्हणून बल्गेरियन येतं. तुला अहिराणी कळते तितपत मला युक्रेनी कळतं. कोश घेऊन बसले. पण रशियन म्हणू नकोस, सुनेलाही नाही आणि तिच्या भाषेलाही नाही. मराठीला कोणी हिंदीची बोली म्हटलं तर तुझा पारा कुठे जातो ते मला माहीत आहे.

या भाषांचं मोठं घराणं आहे, अक्का. दीडएक हजार वर्षांमागे यांची एकच भाषा होती. मग माणसं पांगली. पूर्वेकडे गेले त्यांच्या रशियन, युक्रेनी, बेलारुशी झाल्या. पश्चिमेकडे पोलिश आणि चेक. दक्षिणेकडे सर्बियन आणि बल्गेरियन. नवव्या शतकात दोघा साधू भावांनी यांना पहिली लिपी करून दिली, मागून त्यांच्या शिष्यांच्या हातून ही चिठ्ठीतली दुसरी आली. आणि या सगळ्यांच्या आधी, फार आधी, ते आणि आपण एका चुलीवर जेवत होतो. पुरावा तुझ्या घरातलाच आहे. त्यांची जुनी सून म्हणजे ‘स्नुहा’. आपली संस्कृतातली स्नुषा, तीच झिजून सून झाली. दीर म्हणजे ‘दीवेर’. सासू ‘स्वेक्रुखा’, आपली श्वश्रू. विहिणीला ‘स्वाखा’ म्हणतात. इंग्रजाला विहीण कोण ते ओळभर समजावावं लागतं, यांना लागत नाही.

फोनचं म्हणशील तर तिकडे वेदिका कोणालाच ठाऊक नाही. तिची आई हान्ना तुझा चुकीचा नंबर समजत असणार. ओरिस्या म्हण. तुझ्या सुनेचं नाव ओरिस्या आहे.

आता त्या पानाचं. त्या रात्री घरातलं जे माणूस पानावर नाही त्याचं पान वाढतात. मेलेल्यांचं वाढतात हे खरं. पण जो वाटेवर आहे, परमुलखात आहे, त्याचंही वाढतात. त्याने यावं, निदान पुढच्या वर्षी तरी पानावर असावं, म्हणून. हान्नाबाईंनी हेच दहा ओळी लिहिलं आहे. ओरिस्याला ते मराठीत सांगता आलं नाही असं त्या म्हणतात. खसखस आणि मध त्याचसाठी आहेत, तुम्ही पुढच्या जानेवारीत करावं म्हणून.

बाकी मजकूर क्षेमकुशल आहे.

लता

*

नाशिक
१२ ऑक्टोबर २००२

चि. लता हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. साखर ठेवली. सून शब्द कुठून आला ते तू पानभर सांगितलंस. माझी सून परत कशी येईल ते मात्र लिहिलं नाहीस.

पानाचं वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती खसखस मी टोमणा समजून फडताळात मागे सारली होती. ती पुढे काढून ठेवली. तो यावा म्हणून तिने वाढलं आणि मी गाईला घातलं. आता तू म्हणशील, अक्का, त्याने काही होत नसतं. तू शिकलेली आहेस. मी रामरक्षा म्हणणारी बाई आहे, तिच्या पानाने माझा मुलगा मेला असं जर मी मानलं, तर माझ्या हाताने काय झालं ते कसं न मानू?

यांना पत्र वाचून दाखवलं. हे कांद्याची माळ लावत होते. म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पोरगी त्याचं वाईट चिंतणार नाही, एवढं. भाषा कशाला लागते त्याला?” आणि माळ तशीच टाकून मळ्यात गेले.

बूथवर जाऊन फोन लावला. ओरिस्या म्हटलं. पलीकडे हान्नाबाई होत्या. त्यांनी हाक मारली. मग पावलं ऐकू आली, कोणीतरी फोन घेतला. बाळ रडत होतं. मी मराठीत बोलायला लागले, काय बोलले आठवत नाही, रडले जास्त. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

ती आपण होऊन गेली आहे, आपण होऊन येईल अशी मी आजवर वाट पाहिली. आता धीर नाही. मला ते अक्षर शिकव. तू मध्ये आहेस हे बरं आहे, पण सोमनाथही मध्येच होता आणि तो गेल्यावर आम्ही दोघी एका घरात मुक्या झालो. पंचावन्नाव्या वर्षी बाराखडी येणार नाही असं लिहू नकोस.

चंद्राअक्का

*

नवी दिल्ली
२५ ऑक्टोबर २००२

ती. अक्कास नमस्कार.

तक्ता पाठवते. तेहतीस अक्षरं आहेत, प्रत्येकापुढे मराठी उच्चार लिहिला आहे. काही अक्षरं तुला इंग्रजी वाटतील, ती फसवी आहेत, इंग्रजी विसर.

रचना तुला जड जाणार नाही. शाळेत तू विभक्त्या घडाघडा म्हणायचीस आणि मी मार खायचे. यांच्यातही नामाला प्रत्यय लागून शब्द बदलतो, सात विभक्त्या आहेत. बल्गेरियनने बहुतेक टाकून दिल्या, रशियनने संबोधन टाकलं, युक्रेनीने ठेवलं. म्हणून ओरिस्याला हाक मारताना ‘ओरिस्यू’, आणि आईला ‘मामो’. लिंगं आपल्यासारखीच तीन. क्रियापदं मात्र जोडीने येतात, काम पुरं झालं त्याचं एक आणि चालू आहे त्याचं एक. हान्नाबाईंनी लिहिलंय ओरिस्या रडते, तिथे चालू असलेलं क्रियापद आहे. एकदा रडली असं नाही.

रोज थोडं कर. घाई नको.

लता

*

नाशिक
१४ नोव्हेंबर २००२

चि. लता हिस,

दिवाळी झाली. आमच्याकडे यंदा पणतीसुद्धा नव्हती, तेव्हा अक्षरं गिरवायला वेळच वेळ. दुपारी ओट्यावर बसून गिरवते. चिमणाबाई म्हणाली, “काकू आता मास्तरीण व्हणार वाटतं.” म्हटलं, हो, तुलाही शिकवीन.

पहिल्यांदा मला नाशिक वाचता आलं. मग सोमनाथ. मग झेरॉक्स काढून हे दोन शब्द कुठे कुठे आहेत ते बोट ठेवून शोधत गेले. चौथ्या बाजूला, तू ‘क्षेमकुशल’ म्हणून गुंडाळलंस तिथे, नाशिक पुन्हा पुन्हा आहे. ओरिस्या आहे. माझं नावही आहे, वेडंवाकडं, पण माझंच. खाली रेघ मारलेली ओळ आहे. क्षेमकुशलाखाली कोणी रेघ मारतं का?

लहानपणी चांदवडला तू माझी पाटी फोडलीस आणि मांजरीने फोडली म्हणालीस. तेव्हाही मला तुझ्या अक्षरावरून, तुझ्या तोंडावरून कळायचं. काय आहे तिथे? तिला काही झालंय? बाळात काही कमी आहे? मला अन्न गोड लागत नाही. ताबडतोब लिही.

अक्का

*

नवी दिल्ली
२० नोव्हेंबर २००२

ती. अक्का,

तू इतक्यात सावरली नव्हतीस, म्हणून मी ते गाळलं. दोनएक महिन्यांनी सांगावं असं मनात होतं. चुकलंच. बाळात काही कमी नाही. चौथ्या बाजूचा मजकूर शब्दशः असा:

“आमच्या शाळेत एक मास्तर आहेत, बायको वारलेली. त्यांनी ओरिस्यासाठी विचारलं आहे. माणूस चांगला आहे. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी विचारलं, तुला नाशिकला जायचं आहे का. ती म्हणते, मामो, तिकडे बाई बाळंतपणाला आईकडे गेली की सासरचं कोणीतरी न्यायला येतं, मग ती परत जाते. कोणी न येता आपण होऊन गेली तर तिला मान राहत नाही. मी तीन वर्षं शेजारच्या सुनांचं हेच पाहिलं. अजून कोणी आलं नाही, असं ती म्हणते. चंद्रभागाबाई, मला तुमच्या चाली माहीत नाहीत. नाशिकहून कोणी येणार आहे का? आमचा नाताळ सात जानेवारीला असतो. तोवर मी वाट पाहीन. नाशिकहून शब्द आला नाही तर नाशिकने तिला सोडलं असं मी समजेन, आणि मास्तरांना हो सांगेन.”

रेघ शेवटच्या ओळीखाली आहे.

अक्का, ती तुझ्या घरची रीत पाळून तिकडे बसली आहे. काय लिहायचं ते तू आणि खंडेरावदाजी ठरवा. मी ते तिच्या भाषेत करून, इथल्या एका युक्रेनी बाईंकडून तपासून, त्याच दिवशी विमानाच्या टपालाने टाकते. टपालाला तीन आठवडे धर.

लता

*

नाशिक
२ डिसेंबर २००२

लते, खालचं आहे तसं कर. गोड करू नकोस, गाळू नकोस. पहिली हाक मी त्यांच्या अक्षरात काढली आहे, वाकडी असली तरी तीच राहू दे.

स्वाखो हान्ना,

चंद्रभागेचा नमस्कार. तुमची चिठ्ठी मला आता खरी मिळाली. उशीर तुमचा नाही, माझा आहे.

आम्ही न्यायला आलो नाही, कारण ती येईल अशी मी वाट पाहत होते. परदेशची मुलगी, तिला आपल्या चालीचं काय, असं मला वाटलं. ती चाल धरून बसली आणि मी तिला परकी धरून बसले. पानाचाही अर्थ मला माहीत नव्हता. ज्या पंक्तीत मी तिला बोलले, त्या पंक्तीतल्या जेवढ्या बाया गल्लीत आहेत तेवढ्यांना मी परवा घरी बोलावलं आणि ते पान कशासाठी होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग चिमणाबाई म्हणाली, “मंग आणा की तिला. आमी काय नाय म्हन्तो का?”

मी लगेच न्यायला निघणार होते. पासपोर्टचे अर्जही आणले. तेव्हा माझे यजमान म्हणाले, “तू कोणाला न्यायला निघालीस? तिला, की सोमनाथच्या लेकराला?”

मी म्हटलं, “दोघींना.”

ते म्हणाले, “आणि तिने तिथे संसार मांडायचं ठरवलं असेल तर लेकरू ओढून आणशील?”

चार दिवस पोथी उघडून बसले, ओळ पुढे सरकेना. तुमची ओरिस्या सत्तावीस वर्षांची आहे. माझ्या लेकीवर, भाग्यश्रीवर, अशी वेळ आली असती तर मी तिला कोणाच्या देवघरापुढे आयुष्यभर बसवून ठेवलं असतं का? नसतं ठेवलं. मी तिच्या सासूशी भांडले असते.

म्हणून असं लिहिते. तिला यायचं असेल तर यजमान न्यायला येतील आणि ती या घरची सून म्हणून पुढच्या दाराने येईल. तिला मास्तरांशी लग्न करायचं असेल तर ते तिने करावं. मग हे घर तिचं सासर राहत नाही. पण आमच्यात बाईला माहेर लागतंच, इकडचं माहेर म्हणून हे घर राहील, आणि माहेरचं माणूसही तिला न्यायला जातं, वर्षातून चार दिवस, बाप जातो किंवा भाऊ. तेव्हाही यजमानच येतील. माणूस सुरतेपलीकडे गेलेला नाही आणि मराठीखेरीज एक अक्षर बोलत नाही, पण येतील. मास्तर बरोबर आले तरी चालेल. त्यांना तिखट चालतं का ते कळवा.

आणखी विचारते. मास्तर दारू पितात का? पहिल्या बायकोला कसं वागवत होते, गावात काय म्हणतात? त्यांना पहिली मुलं आहेत का? माझ्या नातीला ते आपली म्हणतील का, आणि तिच्या नावापुढचं सोमनाथचं नाव काढायला लावणार नाहीत ना? हे लग्नाआधी विचारायचे प्रश्न आहेत. तुम्ही विचारले असतीलच, तुम्ही आई आहात. मलाही विचारावेसे वाटतात.

माझा जीव काय म्हणतो ते विचाराल तर, तिने यावं. ते तिला सांगा, पण शेवटी सांगा, आधी वरचं सगळं वाचून दाखवा. उलटं केलंत तर ती माझ्या रडण्याला भिऊन हो म्हणेल. फोनवर तिने ऐकलंच आहे.

सोलोमिया बसायला लागली का? कोणावर गेली आहे? खरं लिहा, सोमनाथवर गेली नसेल तरी लिहा.

सात जानेवारी जवळ आली आहे. हे पत्र तोवर न पोचलं तर मास्तरांना चार दिवस थांबायला सांगा, एवढं माझ्यासाठी करा. पोस्टमन इथे दुपारी येतो, त्या वेळेला मी देवळातही जात नाही. ती येते की नाही येत, जे असेल ते, तिच्या हातची एक ओळ घालून उलट टपाली कळवा.

चंद्रभागा खंडेराव विधाते